मडकं वाजवणारी आई

एका गावात हौसाबाई नावाची एक कुंभारीण राहत होती. बाजारात तिच्या माठांना फार मागणी. येणारा प्रत्येक जण माठ उचलायचा, बोटानं टिचकी मारायचा, कान लावायचा. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर ठेवून द्यायचा. हौसाबाईला त्याचा कधी राग आला नाही.

तिची लेक तेजल संगणक शिकायला शहरातल्या कॉलेजात जायची होती. तिथली सगळी प्रॅक्टिकल्स लिनक्स नावाच्या प्रणालीवर. ही प्रणाली फुकट मिळते, पण सगळ्याच लॅपटॉपांशी तिचं पटत नाही. म्हणून वरच्या वर्गातल्या एका मुलीनं तेजलला पेनड्राइव्ह दिला होता. "हा लावून आधी सुरू करून बघ. यात लिनक्स आहे. आतलं काही बिघडत नाही," असं तिनं बजावलं होतं.

लॅपटॉप घ्यायला मायलेकी शहरातल्या मोठ्या दुकानात गेल्या. तेजलचा जीव एका चकचकीत, पातळ लॅपटॉपवर जडला. तिनं चाचरत विचारलं, "यावर लिनक्स चालेल ना?"

"अहो ताई, सगळं चालतं!" दुकानदार हसून म्हणाला. मागची दोन गिऱ्हाइकंही हसली.

तेजलचा हात खिशातल्या पेनड्राइव्हवर गेला आणि तिथंच राहिला. एवढ्या लोकांत कसं म्हणायचं, की मला तपासून बघायचंय? भिंतीवर पाटी होती, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' चार वर्षं हाच लॅपटॉप वापरायचा होता, दुसरा मिळणार नव्हता. तरी ती पुटपुटली, "हाच द्या."

हौसाबाईनं तिचा दंड धरला. "अगं, भीड भिकेची बहीण! न वाजवता घेतीस व्हय?" मग दुकानदाराकडं वळून ती म्हणाली, "दादा, पोरीला जरा वाजवून बघू द्या."

दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण 'सगळं चालतं' असं तोच म्हणाला होता; त्यानं लॅपटॉप पुढं सरकवला. तेजलनं पेनड्राइव्ह लावला. पडदा उजळला, पण वायफाय काही केल्या लागेना. गाणं लावलं, तर आवाज नाही.

"बद्द वाजतोय," हौसाबाई म्हणाली.

खालच्या फळीवर एक काळा, जाडजूड लॅपटॉप धूळ खात पडला होता. त्याला पेनड्राइव्ह लावताच वायफाय लागलं, गाणं वाजलं. झाकण मिटून उघडलं तरी तो पुन्हा जागा झाला. तेजलचा जीव भांड्यात पडला. कुंभाराच्या लेकीचा जीव दुसरीकडं कुठं पडणार म्हणा! ती इतकी हलकी झाली, की हसता हसता तिचे डोळे भरून आले. आपण काय घेऊन घरी निघालो होतो, हे आठवून तिनं आईचा हात घट्ट धरला.

पुढच्या बाजारी तोच दुकानदार माठ घ्यायला आला. हौसाबाईला ओळखून तो ओशाळला आणि समोरचा माठ तसाच उचलू लागला.

"थांबा दादा," हौसाबाई हसून म्हणाली, "आधी वाजवा."

त्यानं टिचकी मारली. माठ असा खणखणला, की शेजारचे दुकानदार वळून बघू लागले.

तात्पर्य: भिडेपोटी गप्प राहून वस्तू घेऊ नये, पारखूनच घ्यावी. विचारण्याची लाज घटकाभराची असते आणि खऱ्या मालाला परीक्षेचं भय नसतं.