हौसाक्कानं अडवून धरलेली सभा

ऐका मंडळी. उंबरवेढ्याच्या रस्त्यांवरचे दिवे जेव्हा रॉकेलवर जळत, नगरपालिका जेव्हा नवी नवी होती आणि तिच्या दारावरच्या पाटीचा रंगही अजून उडाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. ते दिवस डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता गावात एकही उरलेलं नाही. पण कुणालाही थांबवून विचारा, हौसाक्का म्हटलं की तो हातातलं काम बाजूला ठेवून सांगायला बसतो.

हौसाक्का रंगारी ही सुईण होती. असं म्हणतात की तिचे हात बारा महिने उबदार असत. माघाच्या थंडीत जन्मलेलं पोरसुद्धा तिच्या तळव्यावर आलं की निवांत व्हायचं. गावातली निम्मी माणसं तिनंच या जगात आणली होती. त्यामुळे तिच्यापुढं कुणाचा तोरा चालत नसे. पिळदार मिशांचे गडी तिला पाहून गल्ली बदलत, कारण चारचौघांत ती बिनदिक्कत बोट दाखवून सांगायची, "ह्यो पायाळू होता बरं का. लई छळलं ह्यानं आईला."

ती राहायची रंगारआळीत. ही आळी टेकाडावर, आणि कापरी नदी टेकाडाच्या पायथ्याशी. मधे उभ्या चढाच्या दगडी पायऱ्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. आळीतल्या बायका त्या पायऱ्यांवरून पाणी वाहायच्या. लेकुरवाळ्या वाहायच्या, म्हाताऱ्या वाहायच्या, पोटुशाही वाहायच्या. नगरपालिकेनं डोंगरावर टाकी बांधून गावात नळ आणला, तेव्हा तो पेठेत आला, सराफकट्ट्यावर आला, कचेरीच्या बागेतल्या गुलाबांनाही आला. रंगारआळीला मात्र आला नाही. अध्यक्ष म्हणाले, तिथं पाणी चढत नाही.

आता हौसाक्काचं दुःख सांगतो. तिला एकच लेक होती, रत्ना. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आली होती. एके दिवशी हौसाक्काला नगरपालिकेचे अध्यक्ष नानासाहेब गुळवे यांच्या घरून बोलावणं आलं. त्यांची सून अडली होती. हौसाक्का गेली, सुनेला सोडवलं, मुलगा झाला. गुळव्यांच्या दारात पेढे वाटले जात होते, तेवढ्यात आळीतून निरोप आला. घरात पाणी संपलं म्हणून रत्ना घागर घेऊन नदीवर गेली होती. वर येताना पाय घसरला. ती गेली आणि पोटातलं बाळही गेलं. घागर तेवढी पायऱ्यांवरून गडगडत खाली जाऊन पाण्यात थांबली होती, तिला मोठा पोचा पडला होता.

साऱ्या गावाची बाळं ज्या हातांनी झेलली, त्या हातांना आपल्या लेकीचं बाळ झेलता आलं नाही. हौसाक्का फार रडली. रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि आळीतल्या बायकांना म्हणाली, "आता ह्या पायऱ्यांवर दुसरी रत्ना पडायची न्हाई. नळ मी वर आणीन." सुनेला सोडवल्याबद्दल नानासाहेबांनी तिच्याकडं नारळ आणि लुगडं पाठवलं होतं. तिनं नारळ भैरोबाला वाहिला, लुगडं परत पाठवलं.

पुढं सरकारचा हुकूम आला की सभासदांत एक बाई घ्यावी. मोठी पंचाईत झाली. कुणाची सून घ्यावी तर दुसऱ्याला राग, कुणाची बहीण घ्यावी तर तिसरा रुसणार. शेवटी नानासाहेबांनाच युक्ती सुचली. ते म्हणाले, "हौसाक्काला घ्या. बिचारी दिवसभर बाळंतपणात. ती कशाला सभेला येते आणि कशाला बोलते?" सगळ्यांनी माना डोलावल्या. यालाच म्हणतात आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं.

हौसाक्का पहिल्या सभेपासून हजर. तिनं नळाचा विषय मांडला. नानासाहेब गोड हसले आणि म्हणाले, "पुढच्या सभेत घेऊ." पुढच्या सभेत तो विषय सगळ्यात शेवटी ठेवला, आणि शेवट येईपर्यंत जेवणवेळ झाली. त्याच्या पुढच्या सभेत एका सभासदानं सांगितलं की पाणी चढतच नाही, त्याला आपण काय करणार?

"भरल्या दिवसांची बाई चढती," हौसाक्का म्हणाली, "मग पाण्याला काय धाड भरली चढाया?"

पण विषय गेला तो गेलाच, पुढच्या सभेवर.

इकडं आळीत गेनू रंगाऱ्याची बायको चंद्रा गरोदर होती. रत्नाच्याच वयाची, तशीच सडसडीत. हौसाक्का तिला पायऱ्या उतरू देत नसे, तिच्या वाटणीचं पाणी स्वतः आणत असे. पण रोज कुठं ना कुठं बोलावणं यायचं, आणि दुसऱ्याच्या दारात हात चालत असताना जीव मात्र त्या पायऱ्यांवर टांगलेला असायचा. चंद्राचे दिवस भरत आले, तेव्हा हौसाक्कानं तिचं पाणी शेजारणींवर सोपवलं आणि मनाशी पक्कं केलं.

उंबरवेढ्याच्या सभेचा एक रिवाज होता, तो ऐकून ठेवा. सभासद आपसात कडाकडा भांडायचे आणि रागारागानं उठून जायचे, म्हणून जुन्या जाणत्यांनी भैरोबाच्या नावानं नेम घालून दिला होता. सभेच्या शेवटी विड्यांचं तबक फिरायचं. प्रत्येकानं एक विडा घ्यायचा. शेवटच्या सभासदानं विडा घेतला की सभा उठली. तोवर कुणी घरी जायचं नाही. तबक जिथं, तिथं सभा. नेम मोडला तर भैरोबाचा कोप. आणि उंबरवेढ्यात लोक एक वेळ कलेक्टरला भीत नसत, पण भैरोबाला भीत.

पुढच्याच सभेत नानासाहेब नेहमीसारखे म्हणाले, "हौसाक्कांचा विषय पुढच्या सभेत." तबक फिरलं. प्रत्येकानं विडा घेतला, तोंडात घातला. तबक हौसाक्कापुढं आलं. तिनं मांडीवरचे हात हलवले नाहीत.

"घ्या आक्का," नानासाहेब म्हणाले.

"म्या न्हाई घेत. माझा विषय झाल्याबिगर सभा उठायची न्हाई."

आधी सगळे हसले. मग विनवण्या झाल्या, मग आवाज चढले. हौसाक्कानं तबकाला बोट लावलं नाही. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं आणि सभा तशीच बसून राहिली. कुणी म्हणतं दोन दिवस, कुणी म्हणतं आठवडा. माझ्या चुलत्याला विचारलंत तर तो महिना सांगेल, पण त्याला सगळंच वाढवून सांगायची खोड आहे. मागच्या परसात जायची मुभा होती. एवढं भैरोबालाही कळतं. सभासदांनी घरून डबे मागवले. डबे आले, भाकरी आली, पिठलं आलं, ठेचा आला. पाण्याचा तांब्या मात्र एकाही घरून आला नाही. गावातल्या बायकांनी आपसात काय ठरवलं होतं ते त्यांनाच ठाऊक. ठेचा खाऊन सभासदांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढंच काय ते त्यांना मिळालं. आणि असं म्हणतात की इतके दिवस होऊनही तबकातला तो एकटा विडा सुकला नाही. आत्ताच वेलीवरून तोडल्यासारखा हिरवागार राहिला.

असं चालू असताना एके सकाळी गेनू धापा टाकत दारात आला. "आक्का, चला! चंद्रीला कळा लागल्यात. पोर आडवं हाय म्हंत्यात."

हौसाक्काच्या काळजाचं पाणी झालं. नानासाहेबांचा चेहरा मात्र उजळला. आता ही जाणार, आणि जायचं तर विडा घ्यावाच लागणार. त्यांनी तबक पुढं केलं आणि मऊ आवाजात म्हणाले, "घ्या आक्का. बाळंतीण खोळंबलीय."

हौसाक्कानं एकदा विड्याकडं पाहिलं. विडा घ्यावा तर नळ गेला. न घ्यावा आणि बसून राहावं तर चंद्रा जाते. तिला रत्ना दिसली, पोचा पडलेली घागर दिसली. मग ती उठली. तिनं विडा घेतला नाही. नानासाहेबांच्या हातातून अख्खं तबकच घेतलं आणि दाराकडं चालू लागली.

"अहो, तबक कुठं नेताय?"

"रंगारआळीत. तबक जिथं, तिथं सभा. चला की, बसलाय काय?"

आणि मग उंबरवेढ्यानं कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. पुढं लुगड्याचा काष्टा मारलेली हौसाक्का तबक घेऊन तरातरा चालतेय, आणि मागं फेटे सावरत, घाम पुसत अख्खी नगरपालिका. पेठेतल्या दुकानदारांनी दुकानं तशीच टाकून मागं धाव घेतली.

चंद्राच्या दारात पोचल्यावर हौसाक्कानं तबक ओट्यावर ठेवलं. तिनं आत जाऊन चंद्राला चाचपून पाहिलं; घरात तांब्याभरच पाणी होतं. आळीतल्या बायकांनी घागरी उचलल्या, तशी ती बाहेर येऊन गरजली, "बायांनो, खाली ठेवा. आज एकबी बाई पायऱ्या उतरणार न्हाई. सभासद मोकळंच हाइत."

कुणाची प्राज्ञा होती नाही म्हणायची? तिथं उभ्या असलेल्या निम्म्याजणांची नाळ तिनंच कापली होती. सभासदांनी धोतरं खोचली, घागरी घेतल्या आणि नदीकडं निघाले. नानासाहेबांना हौसाक्कानं आपल्या घरातून एक घागर आणून दिली. तिला मोठा पोचा होता. त्यांनी ती ओळखली आणि खांद्यावर घेतली.

बाकीचे कण्हत कुंथत वर आले. नानासाहेब मागं राहिले. असं म्हणतात की त्यांच्यापुढं पायऱ्या संपेचनात. एक चढावी तर वर आणखी एक दिसे. घागर जडच होत चालली. वरून हौसाक्कानं चंद्राजवळून उठून दारातूनच हाक दिली, "नानासाहेब, जड हाय का?"

"नाही, नाही," नानासाहेब म्हणाले, आणि घागर दुप्पट जड झाली.

"जड हाय का?"

"छे! आलोच की." घागर आणखी जड झाली. असं म्हणतात की ज्या पायरीवर रत्ना घसरली होती, त्याच पायरीवर त्यांचा पाय अडला. एक पाऊल वर पडेना आणि घागर खांद्यावरून खाली ठेवता येईना. नानासाहेबांना एकाएकी आठवलं की त्या दिवशी आपल्या दारात पेढे वाटले जात होते. इतका मोठा माणूस, पण त्या पायरीवर साऱ्या गावादेखत हमसून हमसून रडला.

"जड आहे, आक्का," ते म्हणाले. "फार जड आहे."

तो शब्द तोंडातून पडला आणि घागर फुलासारखी हलकी झाली. उरलेल्या पायऱ्या नानासाहेब कधी चढले ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी घागर दारात टेकवली, हौसाक्कानं त्या पाण्यात हात धुतले, पुन्हा आत गेली आणि दार लावून घेतलं. सगळी आळी दाराकडं कान लावून उभी होती. बऱ्याच वेळानं आतून रडण्याचा खणखणीत आवाज आला. मुलगी झाली होती, आणि चंद्राही सुखरूप होती.

नानासाहेबांनी तिथंच, ओट्यावर उभं राहून ठराव मांडला. सभासदांनी ओले हात वर केले. कुणीतरी सवयीनं "पुढच्या सभेत" म्हणायला तोंड उघडलं होतं, त्याला शेजारच्यानं कोपर मारलं. तरीही हौसाक्कानं विडा घेतला नाही. ती म्हणाली, "ठराव तहान भागवत न्हाई. नळ आल्याव घीन." त्यामुळे सभा उठलीच नाही. सभासदांनी ओट्यावर बसून कामं काढली, उभं राहून चर खणून घेतले, ठेकेदाराच्या मागं हात धुवून लागले. आपापल्या अंथरुणावर पाठ टेकायची घाई कुणाला नसते? असं म्हणतात की उंबरवेढ्यात इतक्या लवकर काम झालं ते पहिलंच आणि शेवटचंच. पाणी टेकाड चढलं. नळाला पहिली धार आली, तेव्हा हौसाक्कानं ती ओंजळीत घेऊन आधी रत्नाच्या पायरीवर शिंपडली, मग तो हिरवागार विडा तोंडात घातला. सभा उठली.

हौसाक्का जाऊन किती काळ लोटला, याचा आता कुणाला हिशेब नाही. रंगारआळीत घरोघरी नळ आहे. त्या पायऱ्यांवरून पाणी आणायची कुणाला गरज उरलेली नाही. तरी उंबरवेढ्यात नवा अध्यक्ष निवडून आला की हार-गुलालासकट त्याला आधी नदीवर नेतात. पुरुष असो की बाई, भरलेली घागर खांद्यावर घ्यायची आणि एकट्यानं पायऱ्या चढायच्या. त्याच्याआधी खुर्चीला हात लावायचा नाही. वरच्या पायरीवर आळीतली एक गरोदर बाई वाट अडवून उभी असते. ती एकच प्रश्न विचारते, "जड हाय का?"

मधे एक तरणाबांड अध्यक्ष झाला होता, व्यायामशाळेतला. तो छाती काढून म्हणाला, "यात काय, हलकी आहे." बाई बाजूला झाली नाही. तिनं त्याला घागर ओतायला लावली आणि पुन्हा खाली पाठवलं. तो पुन्हा वर आला, पुन्हा तेच म्हणाला, पुन्हा खाली गेला. संध्याकाळ होत आली तेव्हा तो त्या पायऱ्यांवर बसला, घामानं निथळत, आणि हळू आवाजात म्हणाला, "जड आहे."

तेव्हा कुठं बाई बाजूला झाली, आणि तो कामाला लागला.