लाल फीत आणि तुरतुरीचा शेंगदाणा

ऐका हं! हात मांडीवर, कान माझ्याकडे.

बकुळ कॉलनीत एक खार होती. इवलीशी! तिचं नाव तुरतुरी. आणि एक होती वेणूआजी. आजी रोज सकाळी काठी टेकत तीन जिने उतरायची. टॉक टॉक, टॉक टॉक! खालच्या बाकावर बसायची. आल्यागेल्याशी बोलायची. तुरतुरीला एक भाजका शेंगदाणा द्यायची.

बाक होता जुना. डुगडुग डुगडुग! तो गेला, नवा आला. अहाहा, काय चकचकीत! बसायच्या फळीवर कॉलनीच्या अध्यक्षसाहेबांचं नाव. केवढं? या टोकापासून त्या टोकापर्यंत! आणि बाकाभोवती लाल लाल फीत.

आजी आली. टॉक टॉक. फीत म्हणाली, "खबरदार! अजून उद्घाटन व्हायचंय." आजी उभी राहिली. गुडघे दुखले. आजी वर गेली.

दुसऱ्या दिवशी उतरलीच नाही. खिडकीत बसली, एकटी, गप्प गप्प. तुरतुरीला शेंगदाणा नाही. आणि खरं सांगू? आजीशिवाय तिला मुळीच करमेना.

तुरतुर तुरतुर, खार गेली फितीकडे.

"फीत फीत, बाक सोड ना! बाकावर आजी बसेना, मला शेंगदाणा मिळेना!"

फीत म्हणाली, "साहेब कापतील तेव्हा सुटेन. तोवर नाही म्हणजे नाही!"

तुरतुर तुरतुर, खार गेली साहेबांकडे. साहेबांच्या खिशात कात्री. कच् कच्!

"साहेब साहेब, फीत कापा ना! फीत बाक सोडेना, बाकावर आजी बसेना, मला शेंगदाणा मिळेना!"

"हाराशिवाय? छे छे छे! बघ, माझी मान किती मोकळी दिसतेय!"

तुरतुर तुरतुर, खार गेली हारवाल्याकडे.

"दादा दादा, हार ओवा ना! साहेब फीत कापेनात, फीत बाक सोडेना, बाकावर आजी बसेना, मला शेंगदाणा मिळेना!"

"फोटो नाही निघाला, तर हार कोण बघणार? माझा झेंडू फुकट जायचा!"

तुरतुर तुरतुर, खार गेली फोटोवाल्याकडे.

"काका काका, फोटो काढा ना! हारवाला हार ओवेना, साहेब फीत कापेनात, फीत बाक सोडेना, बाकावर आजी बसेना, मला शेंगदाणा मिळेना!"

"नुसत्या बाकाचा फोटो? गर्दी हवी गं, गर्दी!"

तुरतुर तुरतुर, खार गेली शेजाऱ्यांकडे.

"शेजाऱ्यांनो शेजाऱ्यांनो, खाली जमा ना! फोटोवाला फोटो काढेना, हारवाला हार ओवेना, साहेब फीत कापेनात, फीत बाक सोडेना, बाकावर आजी बसेना, मला शेंगदाणा मिळेना!"

दारं किलकिली झाली. "चहा आहे? वेणूआजीचा, आलं घातलेला? नाही? मग आम्ही फार कामात आहोत!" धाड्! दारं बंद.

सरसर सरसर, खार चढली आजीच्या खिडकीत.

"आजी आजी, चहा कर ना! शेजारी खाली जमेनात, फोटोवाला फोटो काढेना, हारवाला हार ओवेना, साहेब फीत कापेनात, फीत बाक सोडेना, बाकावर आजी बसेना, मला शेंगदाणा मिळेना!"

आजी म्हणाली, "करते की गं! किटलीभर करते. पण तीन जिने उतरले की मला आधी टेकायला हवं, बाई. आणि बाकाला तर फीत!"

फीत? पुन्हा फीत?

तुरतुरीची शेपूट फुलली. अस्सा राग आला! "कात्री नाही तर नाही. दात आहेत की माझे!"

सरसर खाली. तुरतुर बाकाकडे. कुरतुड कुरतुड कुरतुड!

"अगं अगं, माझा कार्यक्रम!" फीत ओरडली.

टप्!

फीत सुटली. बाक मोकळा झाला. टॉक टॉक, टॉक टॉक, आजी किटली घेऊन आली. बाकावर बसली. हुश्श! चहाचा वास सुटला. शेजारी जमले, सगळे कामातले! काही आजीजवळ दाटीवाटीनं बसले. गर्दी बघून फोटोवाला धावला. फोटोवाला बघून हारवाल्यानं हार ओवला. हार बघून साहेब आले. कच् कच्!

पण कापणार काय?

"फीत कुठे आहे? आणि माझं नाव कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"इथंच आहे हो," आजी म्हणाली. "आम्ही बसलोय त्याच्यावर. या, तुम्हीही टेका."

साहेब टेकले. चहा प्यायले. दुसरा कपही मागितला!

मग आजीनं पदराची गाठ सोडली. एक नाही, दोन शेंगदाणे! कुटुम कुटुम, कुटुम कुटुम.

शेंगदाणे संपले, गोष्टही संपली. आजी मात्र अजून बाकावर आहे. जा बघू, बसा तिच्याशेजारी!