दाबके सरांची घंटी

डॉ. दाबके यांच्या टेबलावर एक पितळी घंटी असे. एम.ए. भाषाविज्ञानाच्या प्रवेशाच्या मुलाखतीत उमेदवार जरा चुकला, की सर ती वाजवत, "पुढचा!" म्हणत आणि विषय संपे.

धुळ्याकडच्या योगिता बोरसेचा नंबर आला, तेव्हा एकच जागा उरली होती. सरांनी नाव विचारताच घाबरून तिच्या तोंडातून घरची अहिराणीच निघाली, "मनं नाव योगिता."

"अशी बोली घेऊन भाषाविज्ञान शिकणार?" सरांचा हात घंटीकडे गेला.

आता गेलंच सगळं, तर विचारून तरी घ्यावं, म्हणून ती म्हणाली, "सर, तुमची पीएच.डी. अहिराणीवरच आहे ना?"

"अर्थात! त्यासाठी सबंध खानदेश पालथा घातला मी."

"तेव्हा तुम्हाला अहिराणी येत होती?"

"तेव्हा कुठून येणार?"

"तरी सगळा खानदेश तुमच्याशी बोलला, सर. एकाही गावानं 'पुढचा' म्हटलं नाही."

सरांचा हात तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी घंटी उचलून ड्रॉवरमध्ये टाकली आणि अडखळत विचारलं, "तुमनं आडनाव काय शे?"

उच्चार साफ चुकला होता. योगितानं तो निमूटपणे चालवून घेतला.