शाल पांघरलेलं यंत्र

धोक्याचा भोंगा गप्प केला की धोका टळतो का? हे मी तांबटसाहेबांना तोंडावर विचारलं. तोच प्रश्न आता तुम्हालाही विचारायचा आहे. म्हणून ही गोष्ट सांगतो.

आमच्या तालुक्याच्या गावी रुग्णवाहिकांचं एक केंद्र आहे. तांबटसाहेब त्याचे प्रमुख. कुणाचा फोन आला की तिथला मोठा संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, जवळची रिकामी गाडी शोधतो आणि ड्रायव्हरला निरोप धाडतो. तो सांभाळायचं काम रोहिदासकडे होतं. यंत्र किती तापलंय, त्याच्यावर कामाचा भार किती आहे, हे त्याला पडद्यावर दिसायचं. ताप ठरलेल्या रेषेपुढे गेला की भोंगा वाजायचा.

खंडेनवमीला साहेबांनी यंत्राची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे जाडजूड हार घातले, वर भरजरी शाल पांघरली. ज्या जाळीतून यंत्र हवा घेतं ती जाळीच झाकली गेली. थोड्या वेळाने भोंगा वाजू लागला.

रोहिदास म्हणाला, "साहेब, शाल काढतो. त्याचा श्वास कोंडलाय."

"पूजा मोडायची नाही. आज हत्यारांना विसावा असतो."

"आज बायका बाळंत व्हायच्या थांबल्यात का, साहेब?"

बाकीचे हसले. साहेबांना राग आला. त्यांनी भोंग्याची रेषा वर सरकवायला सांगितली. रोहिदासला ते पटलं नव्हतं, पण नोकरीचा विचार करून त्याने रेषा वर नेली. भोंगा थांबला. पेढे वाटले गेले.

ताप मात्र चढतच राहिला. तापलेलं यंत्र जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतं. ते रेंगाळू लागलं आणि फोन तुंबले. हाताने गाडी सोडायची सवय कुणाला उरली नव्हती. ड्रायव्हर अंगणात गाड्या पुसत निरोपाची वाट बघत बसले.

त्या तुंबलेल्या फोनांत एक आमचा होता. माझी बहीण सुगंधाताई घरीच बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. गाडी आलीच नाही. शेवटी शेजाऱ्याच्या टेम्पोतून तिला नेलं. बाळ वाचलं. ताई दवाखान्याच्या दारातच गेली.

गाडी यंत्रामुळे अडली हे कळलं, तसाच मी दगड उचलून केंद्रात शिरलो. यंत्र फोडायचंच ठरवलं होतं. कुणी आडवं आलं नाही. रोहिदास तेवढा बोलला. "फोडायचं तर फोड, भावा. पण आत अजून एका बाईचा फोन अडकलाय."

मी दगड टाकला. शाल ओढली, हार तोडले, टेबलावरचा पंखा उचलून जाळीसमोर धरला. रोहिदासने यंत्रावरची बिनगरजेची कामं एकेक करून बंद केली आणि रेषा पुन्हा खाली आणली. भोंगा कर्कश वाजू लागला. साहेबांनी कानांवर हात ठेवले. आम्ही तो वाजू दिला. हळूहळू तो आपोआप थांबला, आणि अंगणातून गाडी निघाली.

ताईसाठी मी शेवटचं काही केलं असेल तर ते एवढंच. दुसऱ्या कुणाच्या तरी ताईसाठी गाडी निघेपर्यंत तो पंखा धरून उभा राहिलो.

तात्पर्य: इशारा कानाला नकोसा झाला म्हणून त्याचं तोंड दाबू नये. तो ज्यामुळे वाजतोय ते आधी दूर करावं, मग तो पूजेचा हार का असेना.