जरा चेक करतो

“चेक म्हणजे काय रं?” हरगीरबुवांनी विचारलं.

धनंजय शेटेनं मोबाइलमधून मान वर काढली. मठाच्या पायरीवर टेकल्यापासून ‘जरा चेक करतो’ म्हणत त्यानं इतक्यांदा फोन काढला होता, की शेवटी बुवांनाही राहवलं नाही.

“चेक म्हणजे... खात्री करून घेणं, बुवा.”

“मग झाली का खात्री?”

“झाली. पण थोड्या वेळानं परत वाटतं...”

“काय वाटतं?”

“परत एकदा चेक करावं.”

बुवा हसले. धनंजयला राग आला. पंपाच्या कारखान्यात तो तपासणी खात्याचा प्रमुख होता. त्याच्या हाताखालून गेलेला पंप आजवर परत आला नव्हता, आणि ही गोष्ट तो ओळख झाल्याझाल्या सांगत असे. घरीही दिवसभर तोंडात तोच शब्द. गॅस चेक कर, कुलूप चेक कर. भाजीतलं मीठसुद्धा हा गृहस्थ चाखायचा नाही, चेक करायचा.

पण आज प्रश्न पंपाचा नव्हता. टेकडीखालच्या गावात, दवाखान्याच्या खाटेवर, त्याची नऊ वर्षांची चिनू डेंग्यूच्या तापात पडली होती. आजचा दिवस जाऊ द्या, असं डॉक्टर म्हणत होते. धनंजय सारखा तिच्या कपाळाला हात लावायचा, सलाइनची नळी हलवून बघायचा, नर्सला बोलावून आणायचा. पोरीचा डोळा लागला, की हा तिला हमखास जागं करायचा. शेवटी त्याच्या बायकोनं, वृषालीनं, हात जोडले.

“अहो, तुमचं तोंड बघूनच ती घाबरतेय. जरा बुवांकडं जाऊन बसा. मी करते फोन.”

हरगीरबुवा त्याच्या वडिलांचे गुरू. म्हणून तो टेकडी चढून आला होता. फोन मात्र अजून आला नव्हता.

बुवांनी कळशी उचलली.

“मी झऱ्यावरनं पाणी आणतो. तवर आतल्या दिव्याकडं ध्यान ठेव. अखंड दिवा हाय, माझ्या गुरूंच्या गुरूंनी लावलेला. वारं लई सुटलंय, म्हणून दार लोटलंय. तू हितं भाईर बस.”

“पण दार लोटलेलं असलं तर दिवा दिसणार कसा?”

“दिसायला कशाला पायजे?” म्हणत बुवा उतरायला लागलेसुद्धा.

धनंजय एकटा उरला. आणि मग त्याच्या मनानं एक वेडेपणा केला. हा दिवा राहिला तर माझी चिनू राहील, असं तो स्वतःशी बोलून गेला. आता ते मागे घेता येईना.

त्यानं दार किलकिलं करून पाहिलं. दिवा जळत होता.

दार लावून तो बसला. पण लावताना दिव्याला वाऱ्याचा झोत बसला असेल तर? त्यानं पुन्हा उघडून पाहिलं. जळत होता. ज्योत जरा बारीक झालीय का? की आधीपासूनच तेवढी होती? त्यानं पुन्हा दार उघडलं...

त्याच्या पाठीमागून वारा आत शिरला.

वातीतून धुराची एक रेघ वर गेली. जळक्या तेलाचा वास आला. चौकट धरून धनंजय खाली बसला. त्यानं वृषालीला फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. नाहीच. आपणच आपल्या लेकीचं वाईट केलं, असं त्याला वाटलं.

खांद्यावर कळशी घेऊन बुवा वर आले.

“बुवा... दिवा विझला.”

“मग लाव की.”

“माझ्यामुळं विझला. मी सारखा दार उघडून...” त्यानं दाराकडं बोट केलं. “मी चिनूच्या नावानं बोललो होतो, बुवा. आता तिचं काय व्हायचं?”

बुवांनी कळशी खाली ठेवली, आत जाऊन दिव्याच्या कोनाड्यात हात घातला आणि एक काडेपेटी आणून त्याच्या तळहातावर ठेवली.

अखंड दिव्याशेजारी काडेपेटी... एवढ्यांदा डोकावूनही तपासणी खात्याच्या प्रमुखाला ती दिसली नव्हती.

एक काडी मोडली, एक वाऱ्यानं गेली. बुवा खांद्यावरचं उपरणं पसरून दारात उभे राहिले. शेवटी एका काडीनं पेट धरला आणि दिवा लागला.

“ही जळकी काडी कुठं टाकू?”

बुवांनी कोनाड्याच्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं एक करवंटी होती. ती जळक्या काड्यांनी काठोकाठ भरली होती. तळच्या काड्यांचा तर भुगा झाला होता.

धनंजय करवंटीकडं बघत राहिला. मग दिव्याकडं. मग बुवांकडं... बुवा ओंजळीनं पाणी पीत होते.

फोन वाजला. वृषाली होती. ‘ताप किती?’ हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले, आणि तिथंच थांबले.

“तू काही खाल्लंस का गं?” त्यानं विचारलं.

पलीकडं ती रडायला लागली.

“नाही... मगाशी चिनूशेजारी माझाही डोळा लागला होता. ताप आहे अजून. ‘बाबा कुठायत’ विचारतेय. या तुम्ही.”

धनंजयनं चपला पायात सरकवल्या. जाताजाता त्याचा हात दाराकडं गेला. तो त्यानं मागे घेतला. पण मनातली भीती काही हलली नव्हती.

“बुवा, मी खाली पोचेपर्यंत परत विझला तर?”

बुवांनी करवंटी उचलून त्याच्यापुढं धरली.

“ही वरची तुझी,” ते म्हणाले. “मधल्या माझ्या. तळच्या... माझ्या गुरूंच्या.”