माहेरखिडकी

देवकड्याला येणारे लोक जुना राजवाडा बघतात, सूर्यास्त बघतात आणि दरीकडच्या भिंतीत एक दगड नाही, त्या भोकात तोंड घालून हौसेने फोटो काढून घेतात. वाड्याची राखण करणारे म्हातारे लक्ष्मण गावित त्यांची हौस फिटू देतात. मग म्हणतात, "दगड पडलेला नाही. ही भिंत अशीच पुरी झालीय."

संस्थान भरात होते तेव्हाची गोष्ट, असे सांगतात. नव्या राणीवर परक्याची नजर पडू नये म्हणून राजाने ही भिंत पुरुषभर उंच बांधायला काढली. काम कुशाबा गवंड्याकडे होते. राणी दरीतल्या मोहवाडीची. घरी म्हातारा बाप एकटा. सकाळी त्याच्या चुलीचा धूर दिसला, की बाप सुखरूप आहे असे समजून मगच ती घास घ्यायची, म्हणे. भिंत चढू लागली तशी ती टाचा उंचावू लागली. कुशाबाला ते बघवेना. त्याचीही लेक दूर घाटाखाली दिलेली होती.

शेवटच्या दगडाला हळदकुंकू लागले की भिंत पुरी झाली, मग कुठलाही गवंडी तिला हात लावत नाही, हा इथला रिवाज. कुशाबाने राणीच्या नजरेपाशी एका दगडाची जागा सोडून वरचे थर चढवले आणि शेवटी हळदकुंकू वाहिले ते त्या रिकाम्या जागेला. राजा संतापला. दगड बसव, नाहीतर थापी कायमची खाली ठेव, म्हणाला.

"सरकार, तिथं बाईसाहेबांचा बाप बसलाय," कुशाबा म्हणाला. "त्याच्यावर दगड कसा ठेवू?"

आणि मिसरूड फुटल्यापासून हातात असलेली थापी त्याने राजाच्या पायाशी ठेवली. राजाने दुसरे गवंडी बोलावले, पण कुंकू बघून एकही पुढे झाला नाही. कुशाबाने पुढे जन्मभर गुरे राखली.

मग एका सकाळी धूर दिसलाच नाही. राणी मेण्याची वाट न बघता पायीच दरी उतरली. बापाच्या तोंडात शेवटचे पाणी पडले ते तिच्याच हातचे. परतताना ती कुशाबाच्या दारी थांबली आणि त्याच्या पाया पडली, म्हणे.

मोहवाडी आता धरणाच्या पाण्यात गेली. चुली कुठल्या नि धूर कुठला. तरी आजही गावात नवी सून आली, की उंबरा ओलांडण्याआधी तिला या खिडकीशी आणतात. मागच्या वैशाखात गावितांची नातसून उभी राहिली. तिचे माहेर डोंगराच्या पार उलट्या अंगाला. पाण्याकडे ती बराच वेळ बघत राहिली, आणि डोळे पुसत म्हणाली, "दिसलं."