चालतंय

एका गावात एक दोर वळणारा होता. केरबा त्याचं नाव. घायपाताची पानं भिजत घालायची, बडवायची, निघालेल्या पांढऱ्या धाग्यांचे तीन पेड करायचे आणि तिन्ही मिळून एक दोर वळायचा, हे त्याचं काम. ते एकट्याने होत नाही. एका टोकाला एक माणूस लागतो, दुसऱ्या टोकाला दुसरा. केरबाच्या दुसऱ्या टोकाला त्याचा एकुलता एक मुलगा सोपान असायचा.

त्या गावाला 'चालतंय' म्हणायची भारी खोड. छप्पर गळतंय? चालतंय की. गाडीचं चाक डुगडुगतंय? चालतंय. केरबा मात्र हा शब्द दोराच्या जवळपास फिरकू देत नसे. पलीकडून सोपान "सैल!" म्हणून ओरडला की केरबा निमूटपणे दोर उकलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून वळायला घ्यायचा. म्हणून आसपासच्या गावांतले लोक त्याचा दोर डोळे मिटून वापरत.

एका वैशाखात गावच्या विहिरीतला गाळ काढायचं ठरलं. खाली सोपान उतरणार होता. आदल्या दिवशी बापलेक त्यासाठीच नवा दोर वळत होते. उन्हं डोक्यावर आली. सोपानची बायको गोदा हिने घरातून दोनदा हाक मारली, भाकरी निवायला लागली म्हणून.

"आबा, मधला पेड सैल पडलाय," सोपान म्हणाला. "उकलू या."

केरबाला भूक लागली होती. दुसरं काही कारण नव्हतं. तो म्हणाला, "चालतंय रे."

सोपान हसला. "आज तुमीच म्हनताय व्हय?" असं म्हणून त्याने दोराला गाठ मारली, आणि दोघे जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सोपान निम्म्या विहिरीत असताना दोर तुटला. खाली गुडघाभर पाणी आणि गाळ होता, बाकी सगळा खडक.

गाव समजूत घालायला धावून आलं. कोणी म्हणालं, त्याची तेवढीच दोरी होती, आणि मग स्वतःच जीभ चावली. कोणी म्हणालं, विहिरीतल्या आसरांनी, त्या पाण्यातल्या देवतांनी नेला, यंदा त्यांचा नैवेद्य राहिला होता. कोणाच्याच हातात काही नसतं, हे तर सगळेच म्हणाले. त्यांच्या मनात माया होती, खोटं कशाला बोलू? केरबाने ते सगळं ऐकून घेतलं. पुढे तोही तसंच बोलू लागला. आसरांनी नेला, माझ्या हातात काय होतं?

पण डोळ्यांतून पाण्याचा टिपूस येईना. जेवण जाईना. हात मांडीवर पडून राहायचे. वर्षभर त्या अंगणात एकही दोर वळला गेला नाही. गोदाही वर्षभर त्याच्याशी कामापुरतं बोलली.

पुन्हा वैशाख आला. विहिरीचं पाणी गढूळ झालं होतं, पोरं आजारी पडत होती. पाटील दारात येऊन म्हणाले, "केरबा, औंदा तुकाप्पाचा थोरला खाली उतरतोय. दोर तेवढा तुझा पायजे."

केरबा म्हणाला, "माज्या हातात काय हाय, पाटील? समदं आसरांच्या हातात. बाजारातनं आना कुटला बी. चालतंय."

चुलीपाशी बसलेली गोदा उठून बाहेर आली. पाटलांसमोर ती कधी उभी राहिली नव्हती. ती म्हणाली, "मामंजी, त्यास्नी आसरांनी न्हाई नेलं. दोर तुटला. पेड सैल हाय, असं ते म्हनले. चालतंय, असं तुमी म्हनला. म्या ऐकलंय."

पाटील म्हणाले, "पोरी, म्हाताऱ्याला का जाळतीस?"

"मामंजीस्नी एकट्याला न्हाई जाळत," गोदा म्हणाली. "जेवाय या म्हनून हाका कुनी मारल्या? मीच की. भाकरी गार झाली असती, तर काय झालं असतं?"

केरबा खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. वर्षभर कुठे अडकून पडलं होतं इतकं रडू, देव जाणे. गोदाही त्याच्या शेजारी बसून रडली. पाटील पागोटं हातात घेऊन उभे राहिले.

बऱ्याच वेळाने गोदा म्हणाली, "आसरांनी नेलं असंल, तर तुमच्या हातास्नी काय कामच न्हाई. तुमच्या हातनं चुकलं असंल, तर तुकाप्पाच्या पोराचा दोर तुमच्या हातनं नीट बी हुईल."

"आनि दुसरं टोक?" केरबाने विचारलं. "ते कोन धरनार?"

गोदाने पदर खोचला आणि सोपान जिथे उभा राहायचा तिथे जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी ती तीनदा म्हणाली, "सैल." तिन्ही वेळा केरबाने दोर उकलला. दुपार टळून गेली. दोर पुरा झाला तेव्हा चुलीवरची भाकरी गारढोण झाली होती. दोघांनी ती तशीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर केरबाने दोर आधी स्वतःच्या कमरेला बांधला. म्हाताऱ्या, नको, असं सगळे म्हणाले. त्याने ऐकलं नाही. तो तळापर्यंत गेला. गाळात हात घालून त्याने काहीतरी शोधलं आणि वर आला, तेव्हा त्याच्या मुठीत गेल्या वर्षी तुटलेल्या दोराचा कुजका तुकडा होता. मग तुकाप्पाचा मुलगा खाली उतरला, आणि संध्याकाळी धडधाकट वर आला. त्याच्या आईने त्याला विहिरीच्या काठावरच पोटाशी धरलं. केरबा आणि गोदा ते बघत उभे होते. त्यांचा सोपान काही वर आला नाही.

तो कुजका तुकडा केरबाने अंगणातल्या खुंटाला बांधला. घाईतलं गिऱ्हाईक "चालतंय हो" म्हणालं, की तो त्या तुकड्याला हात लावायचा आणि दोर उकलायला घ्यायचा. गोदाने त्यानंतर जेवायला या म्हणून कधी हाक मारली नाही. दोर वळायच्या दिवशी त्या घरात भाकरी गारच खाल्ली जायची.

तात्पर्य: गेलेलं माणूस परत येत नाही आणि दुःखही सरत नाही, पण त्यातली आपली चूक जो नशिबावर न ढकलता स्वतःची म्हणतो, त्याच्याच हाताला पुढे जगण्याचं काम सापडतं.